शुक्रवारी प्रेस बंद असते

रबाळे एमआयडीसीत, नाल्याच्या अलीकडे, आमचा क्लब.
पूर्वी इथं पुठ्ठ्याचे खोके व्हायचे,
दमट दिवशी भिंती अजून खळीच्या वासाच्या.
दहा मीटर मी तीनदा मोजले, पोलादी पट्टीनं,
एकदा दुपारी, दोनदा रात्री.
एकवीस वर्षं गेज-रूममध्ये काढलेल्या माणसाचा
पहिल्या मापावर विश्वास बसत नाही.

पाच लेन. चार एअर रायफली, तीन पिस्तुलं,
एक कपाट. त्याची एक किल्ली माझ्या करगोट्याला,
दुसरी सजिताच्या पर्समध्ये. ती हिशेब बघते,
आणि छर्रे हाताळून तसाच कुणी वडापाव उचलला
तर त्याला मल्याळममध्ये झापते.
शिसं आहे. भाषांतर लागत नाही.

पलीकडच्या गाळ्यात पॉवर प्रेस.
धप्प. सहा सेकंद. धप्प.
जागा घेतली तेव्हा वाटलं, फसलो.
आता आमची मुलं त्या सहा सेकंदांतच
अर्धा श्वास सोडतात, अर्धा ठेवतात,
आणि बोट मागं येतं.

हसुराम मढवी आले तेव्हा
साडेबारा टक्क्यांतला प्लॉट नुकताच गेला होता.
पांढरी गाडी दारात तिरकी.
"पोरीला शिकायचंय. सगळ्यात महाग बंदूक कोणती?"
पोर उंबऱ्यावरच. तेरा वर्षांची तेजाली,
शाळेचे बूट, एक लेस सुटलेली.

मी तिच्या हातात दोन लिटरची बाटली दिली.
धर. खांद्याच्या रेषेत.
चाळिसाव्या सेकंदाला पाणी डुचमळलं.
"दुपारी काय खाल्लंस?"
"काय नाय."

मग जुन्या टार्गेटच्या पाठीवर यादी केली.
सपाट तळाचे बूट.
डाव्या डोळ्यापुढं पट्टी, लग्नपत्रिकेचा तुकडा चालेल.
जाकीट सध्या क्लबचंच; आधीच्याच्या घामाला नाक मुरडू नये.
छर्रे एकाच बॅचचे: रायफल व्हाइसमध्ये आवळून
चार डबे मारून बघायचे, ज्याची पाच भोकं
एका वाटाण्यात मावतील तो डबा तिचा.
येण्याआधी भाकरी.
"आणि बंदूक?"
ती लिहायला जागा उरली नव्हती,
कडेनं आडवी लिहिली.

डॉक्टर गाला यांची निळी जर्मन रायफल होती तिथं,
तीही धरून पाहू दिली.
उसन्या ब्लाउजसारखी: खांद्यावर बसली, काखेत लोंबली.
मग आमची तीन नंबर,
रामसुरत सुतारानं जिचा दस्ता दोन बोटं कापलाय.
कुठं टेकायचं, हे गालाला सांगावं लागलं नाही.

"हिच्यावर तर चरे हायत," मढवी म्हणाले.
"आहेत."
ते बराच वेळ दस्त्याकडे बघत राहिले.
"आमचा बा मिठागरात फळी ओढायचा.
त्याची फळी त्याच्याच उंचीची. मी एकदा घेतली,
मीठ सोडून चिखलच वर आला."
खिशातलं पाकीट पुन्हा खिशात गेलं.
वर्षाची फी मात्र सजितानं तिथंच घेतली.

चार महिन्यांनी, एका शुक्रवारी,
एमआयडीसीची वीज बंद, आमचा इन्व्हर्टर चालू,
पलीकडं शटर खाली.
तेजाली: सात. सात. पाच.
पुढची गोळी शेजारच्या कागदावर.
तिनं रायफल ठेवली, नळी समोर, नळीत पिवळी दोरी,
शिकवलंय तसं. मागं वळली.
"सर, इतकं शांत का हाय?"

मी रंगाचा रिकामा डबा उलटा केला,
लाकडी हातोडी घेतली. ढब्ब.
मागच्या बाकावर मढवी, मांडीवर तिचा डबा,
ओठांतल्या ओठांत मोजायला लागले.
चार. पाच. सहा.
"मारा ना, सर," ते कुजबुजले.
मला कागदच बघायचा होता,
हात उशिरा पडला.
ती तोवर मारून मोकळी झाली होती.

आणि आतून सजिता:
"कोण ठोकतंय ते?"